जरा कोडगी हो ना!

ऑफिसात टिकायचं तर कातडी जाड हवी, असं बॉसपासून बेस्ट फ्रेंडपर्यंत सगळेच सांगतात. मग मराठीत या जाड कातडीला एकही धड शब्द का नाही?

पहिली नोकरी, पहिलं अप्रेझल. पुण्यातली एक अ‍ॅड एजन्सी, काचेची केबिन, हुडहुडी भरेल इतका एसी आणि समोर बॉस. मी कॉपीरायटर म्हणून लागून जेमतेम दहा महिने झाले होते. बॉसनी फॉर्मवरून नजर फिरवली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "काम छान आहे तुझं. फक्त एकच गोष्ट. यू नीड अ थिक स्किन."

ते कशाबद्दल बोलतायत ते मला बरोब्बर कळलं होतं. आदल्या आठवड्यात एका क्लायंटने भर मीटिंगमध्ये माझी हेडलाइन मोठ्याने वाचून विचारलं होतं, "ही जाहिरात आहे की शाळेच्या फळ्यावरचा सुविचार?" सगळे हसले. मीसुद्धा हसले. मग वॉशरूममध्ये जाऊन, नळ सोडून, पंधरा मिनिटं रडले आणि पसरलेलं काजळ तसंच घेऊन जागेवर येऊन बसले. बातमी बॉसपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार?

घरी आल्यावर आईला सांगितलं. आई भेंडी चिरत होती.

"थिक स्किन म्हणजे?"

"म्हणजे कुणी काहीही बोललं तरी लावून घ्यायचं नाही. ऐकायचं आणि कामाला लागायचं."

"हां, म्हणजे कोडगं व्हायचं!" आई म्हणाली. "त्याचे पगार मिळतात होय हल्ली?"

मी हसले खरी, पण तो शब्द डोक्यात बसला. बॉसने जे करिअरसाठी मस्ट म्हणून सांगितलं, तेच आईच्या तोंडून बाहेर आलं तर चक्क शिवी झाली. गोष्ट तीच, मग हा घोळ कसा?

शब्दांचं कपाट

तुम्हीही करून बघा. 'थिक-स्किन्ड'ला मराठी शब्द शोधा. एक सोडून चार सापडतील आणि चारही असे की बायोडेटात लिहायची सोय नाही.

पहिला, सगळ्यात सौम्य शब्द म्हणजे निबर. हा मूळचा भाजीचा. मंडईत भेंडी घेताना आई तिचं टोक मोडून बघते. कट्‌कन मोडलं तर कोवळी, नुसतंच वाकलं तर निबर. (आणि भाजीवाला दर वेळी ओरडतो, "मोडू नका हो ताई!") माणूस निबर होतो तो असाच, दिवस उलटून गेल्यामुळे. त्यात त्याचा फारसा दोष नाही. वेळेवर तोडलं नाही, इतकंच.

दुसरा निर्ढावलेला. हा शब्द आपण गुन्हेगारांसाठी राखून ठेवलाय. पहिल्यांदा खोटं बोलताना हात थरथरतात, दहाव्यांदा बोलताना चहासुद्धा सांडत नाही. पचत गेलं की माणूस निर्ढावतो. म्हणजे ही जाडी येते ती स्वतः काहीतरी करून करून.

तिसरा निगरगट्ट. नुसता उच्चार करून बघा, दगडावर दगड आपटल्यासारखा आवाज येतो. हा शब्द सहसा खुर्चीवर बसलेल्या माणसाला लागतो. निगरगट्ट अधिकारी, निगरगट्ट घरमालक. अर्ज करा, विनवणी करा, उपोषणाला बसा, हा ढिम्म हलत नाही. अशांसाठी विदर्भ-मराठवाड्यात एक झक्कास उपाय आहे, बेशरमाच्या झाडाची फांदी. गुलाबी-जांभळ्या फुलांचं हे झुडूप मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं. कुठेही तोडून टाका, ओल मिळाली की फांदीलाच मुळं फुटतात. गुरं तोंड लावत नाहीत, लावलं तर विषबाधा होते. म्हणून नाव बेशरम! आणि म्हणूनच रस्त्यातले खड्डे बुजवत नाहीत त्या साहेबाला आंदोलक हार घालतात तो बेशरमाच्या फुलांचा.

आणि चौथा आईचा कोडगा. वरवर पाहता हा निगरगट्टचाच धाकटा भाऊ वाटतो. पण हा शब्द कुठे-कुठे कानावर पडतो ते आठवून बघा. "मार खाऊन खाऊन कोडगा झालाय." "बोलून बोलून तोंड दुखलं, पण कार्टं कोडगं ते कोडगंच." साहेबाला कोडगा म्हणणारे असतील, पण हा शब्द जास्त करून खाली येतो. मास्तरांकडून पोराकडे, सासूकडून सुनेकडे, मालकाकडून कामाच्या माणसाकडे.

आणि गंमत बघा, माणूस कोडगा असतो त्यापेक्षा जास्त वेळा तो कोडगा 'होतो'. निर्ढावलेला माणूस करून करून घट्ट होतो, कोडगा माणूस सोसून सोसून. शब्द पोराला दोष देतो, पण वाक्य मात्र मास्तरांची चहाडी करतं. 'मार खाऊन खाऊन' म्हणताय, तर मग मारत कोण होतं?

हे माझ्या लक्षात यायला तब्बल अकरा वर्षं लागली. तो किस्सा पुढे सांगते. आधी जरा गेंड्याला भेटूया, कारण पेपरवाल्यांच्या मते या सगळ्या घराण्याचा मूळपुरुष तोच.

बिचारा गेंडा!

'गेंड्याच्या कातडीचे सरकार' ही हेडलाइन आपण इतक्या वेळा वाचलीय की आता तिचंही काही वाटत नाही. इंग्रजीतही हाच प्रकार. तिकडे 'पॅकिडर्म' असा भारदस्त शब्द आहे. ग्रीकमध्ये 'पॅकिस' म्हणजे जाड आणि 'डर्मा' म्हणजे कातडी. फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए याने अठराव्या शतकाच्या शेवटी हत्ती, गेंडा, पाणघोडा वगैरे मंडळींना जाड कातडीच्या नावाखाली एकाच गटात कोंबलं. पुढे कळलं की यांचं आपसात काही धड नातंच नाही. गेंडा घोड्याच्या जवळचा, पाणघोडा तर देवमाशाचा नातेवाईक! विज्ञानाने तो गट केव्हाच मोडीत काढला. शिवी तेवढी शिल्लक राहिली.

खरी गंमत पुढेच आहे. गेंड्याची कातडी जाड असते यात वाद नाही. काही ठिकाणी ती चांगली इंचभर भरते. पण तिच्यावर केस जवळजवळ नसतात, त्यामुळे ऊन भाजतं आणि किडे-माश्या चावलेल्या त्याला चांगल्याच कळतात. म्हणून तर तो तासन्‌तास चिखलात लोळतो. तो चिखल म्हणजे त्याचं सनस्क्रीन आणि ओडोमॉस, टू इन वन. आपण ज्याला जगातला सगळ्यात बेफिकीर प्राणी समजतो, तो बिचारा आपली कातडी जपण्यात अर्धा दिवस घालवतो.

गेंड्याबद्दलचा आपला गैरसमज किती जुना आहे, त्याची एक गोष्ट थेट गोव्याशी जोडलेली आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याने पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्कला एक गेंडा नजर केला. अल्बुकर्कने तो गोव्याहून जहाजात घालून आपल्या राजाकडे पाठवून दिला. 20 मे 1515 रोजी गेंडा लिस्बनला उतरला. युरोपात शेकडो वर्षांत कुणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता, त्यामुळे हा एकदम सेलिब्रिटी झाला. त्याचं वर्णन आणि एक कच्चं चित्र जर्मनीत न्यूरेंबर्गला आल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकारापर्यंत पोचलं आणि त्यावरून त्याने लाकडी ठशाचं चित्र काढलं. स्वतः गेंडा न बघता! त्याने गेंड्याला अंगभर चिलखत चढवलं. पत्रे, सांधे, खिळे मारल्यासारखे ठिपके, सगळं साग्रसंगीत. पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोप गेंडा म्हणून हेच चित्र बघत राहिला.

आणि खरा गेंडा? राजाने त्याला पोपकडे भेट म्हणून रवाना केलं. 1516च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्यापाशी जहाज बुडालं आणि त्यात तोही गेला. चित्रातलं चिलखत त्याच्या काही कामाला आलं नाही.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या ऑफिसातले दोन-तीन 'कडक' लोक आठवले. आपणही त्यांना न बघताच चिलखत चढवतो. "तिला काय, तिला काही वाटत नाही!" म्हणतो. तिने वॉशरूममधला नळ किती वेळ चालू ठेवला होता, ते आपल्याला कुठे माहीत असतं?

डॉक्टर काय म्हणतात?

माझी एक मैत्रीण डॉक्टर आहे. तिला हे सगळं ऐकवलं तर ती म्हणाली, "अगं, आमच्या अ‍ॅनाटॉमीत 'थिक स्किन' हा रीतसर प्रकार आहे. माणसालाही असते. कुठे, सांग?"

मी म्हटलं, "पाठीवर?"

"तळहात आणि तळपाय. बाकी सगळी थिन स्किन. पापण्यांची तर सगळ्यात पातळ."

म्हणजे बघा हं. शरीराने जाड कातडी दिलीय ती जिथे रोजचं घासणं आहे तिथेच. आणि या जाड कातडीत, विशेषतः बोटांच्या टोकांना, स्पर्श ओळखणारी यंत्रणा सगळ्यात दाटीवाटीने बसवलेली असते. तांदळातला खडा आपण बोटांनी शोधतो, कोपराने नाही. ब्रेल वाचली जाते ती याच जाड कातडीने. म्हणजे निसर्गाच्या हिशोबात जाड असणं आणि काही न कळणं, या दोन गोष्टी एक नाहीतच मुळी.

मग घट्टे पडतात त्याचं काय? ते जरा वेगळं प्रकरण. एकाच जागी सतत घासलं गेलं की वरचा मेलेल्या पेशींचा थर वाढत जातो. सतार वाजवणाऱ्यांच्या डाव्या हाताच्या बोटांना असे घट्टे पडतात. पण ते बोटाच्या टोकालाच, सगळ्या हाताला नाही. त्या घट्ट्यामुळेच तार न कापता मींड घेता येते आणि तरीही तार किती ओढली गेलीय ते बोटाला कळत असतं. वाजवणं सोडलं की घट्टा हळूहळू उतरतो. पण घट्टा बेसुमार वाढला तर तोच टोचायला लागतो, चालणं मुश्किल करतो. मग त्याला कुरूप म्हणतात. शब्द पण काय जबरी आहे!

थोडक्यात, बॉसला माझ्याकडून हवा होता तो सतारियाचा घट्टा. मी मात्र, पुढच्या दहा वर्षांत, कुरूप वाढवून बसले.

चौकट : तुमची जाडी कुठली?

* बोलणी खाल्ल्यावर संध्याकाळपर्यंत चुटपुट लागते, पण सकाळी ती चूक सुधारून टाकता? अभिनंदन, तुमच्या बोटाला घट्टा पडलाय. तो ठेवा.
* कोण काय बोललं ते आठवतही नाही आणि काय चुकलं तेही आठवत नाही? तुम्ही कोडगेपणाच्या रस्त्यावर आहात. पण आधी बघा, रोज घासतंय कोण?
* "मी असाच आहे, मला तोंडावर बोलायची सवय आहे," हे वाक्य महिन्यातून दोनदा म्हणता? लोक तुम्हाला स्पष्टवक्ता म्हणत असतील, तुमच्यासमोर. मागे कुठला शब्द वापरतात, ते वर वाचलंतच.
* एक साधी 'ओके' आली, पुढे स्माइली नाही, म्हणून रात्रभर झोप नाही? पापणीची कातडी घेऊन फिरताय राव. थोडं बाहेर पडा, चार लोकांत मिसळा.

31 जून

आता तो किस्सा.

दीडेक वर्षापूर्वी आमच्या टीममध्ये एक ट्रेनी आली. बावीस वर्षांची, साताऱ्याची, डोळ्यांत नुसता उत्साह. पहिला महिना तिची कॉपी मी दुरुस्त करायला घेतली की तिचे कान लाल व्हायचे. मला त्यात माझंच जुनं रूप दिसायचं आणि खरं सांगू, थोडी चीडही यायची. आपण शिकलो तशीच हीसुद्धा शिकेल, असा माझा साधा हिशोब. मग आठ जणांच्या व्हिडिओ कॉलवर, "हे लिहिताना जागी होतीस ना?" क्लायंटला सीसी ठेवून, "प्लीज नीट वाचून पाठवत जा." हे मी तिला घडवतेय, असंच मला वाटत होतं.

सहाव्या महिन्यात कान लाल व्हायचे थांबले. मी काहीही बोलले तरी एकच उत्तर. "ओके मॅम, नोटेड." चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. एकदा कँटीनमध्ये मी एका सहकाऱ्याला म्हटलं, "जाम कोडगी झालीय ती पोरगी."

बोलले आणि विसरले.

मग मे महिन्यात एका दुकानाच्या सेलची अर्ध्या पानाची जाहिरात पेपरात छापून आली. झकास लेआउट, झकास फोटो आणि खाली ठळक अक्षरांत : 'ऑफर 31 जूनपर्यंत'.

जून तीस दिवसांचा असतो हे पहिलीतल्या पोराला माहीत असतं. मूठ आवळून मोजलं तरी कळतं. एजन्सीत पाच जणांनी ती जाहिरात तपासली होती, शेवटची सही माझी. सकाळी नऊपासून क्लायंटचे फोन सुरू झाले, त्यांच्या भाषेचं वर्णन इथे छापता येणार नाही. दुपारी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "एकाच्याही लक्षात आलं नाही?"

सगळे गप्प. मग ती शांतपणे म्हणाली, "माझ्या आलं होतं, मॅम."

"मग बोलली का नाहीस?"

"मार्चमध्ये एका ब्रोशरमधली चूक दाखवली होती. तुम्ही म्हणालात, तू तुझं काम बघ. म्हणून मग माझं काम बघितलं."

आवाजात राग नव्हता, उद्धटपणाही नव्हता. मंडईत सुट्टे पैसे मोजून द्यावेत तसं तिने सांगितलं. मला मार्चमधलं ते वाक्य आठवतसुद्धा नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आठवत नव्हतं याचीच जास्त भीती वाटली. अकरा वर्षांपूर्वीचा 'सुविचार' मला शब्दन्‌शब्द पाठ होता. दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्याला मारलेला टोमणा मात्र साफ पुसला गेला होता.

त्या रात्री आईचं ते वाक्य नव्याने ऐकू आलं. ती पोरगी कोडगी 'झाली' होती. माझ्यासमोर, माझ्याच हातून. पण आपण काय केलं ते आठवतही नसणं, याला कोडगेपणा म्हणत नाहीत. त्याला दुसरा शब्द आहे, निर्ढावलेली. तो माझ्या वाट्याचा.

आणि ऑफिसच्या रोकड्या भाषेत सांगायचं तर कोडगेपणा महागात पडतो. कारण माणसाला फक्त लागणाऱ्या गोष्टी कळायच्या बंद करता येत नाहीत. बधिर व्हायचं तर सगळंच बधिर होतं. टोमणा लागत नाही, तसं कौतुकही लागत नाही आणि 31 जूनही खुपत नाही. खडा दिसतो, पण उचलावासा वाटत नाही.

मग करायचं काय?

मी काही एका रात्रीत साध्वी झाले नाही. डेडलाइन आली की आवाज अजूनही चढतो. पण दोन-तीन गोष्टी ठरवल्या. चूक दाखवायची ती एकटीला बोलावून, आठ जणांसमोर नाही. बोलायचं ते कॉपीबद्दल, तिच्या झोपेबद्दल नाही. आणि कुणी माझी चूक दाखवली तर पहिलं वाक्य 'बरं झालं सांगितलंस' हेच. हे तिसरं सगळ्यात जड जातं, आधीच सांगते.

त्या ट्रेनीला मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "ओके मॅम." पुढे 'नोटेड' नव्हतं, एवढीच प्रगती. नंतरचे चार महिने मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, काही हलतंय का ते. घट्टा चढायला जितका वेळ लागतो, तितकाच उतरायलाही लागणार.

यंदाच्या अप्रेझलला तिचा फॉर्म माझ्यासमोर होता. 'सुधारणेस वाव' या रकान्यात माझी बोटं सवयीने टाइप करून गेली, 'नीड्स अ थिक...' तिथे थांबले. खोडलं. आणि लिहिलं, 'चुका चटकन पकडते. बोलून दाखवाव्यात.'

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "हे आधी सुचलं असतं तर पेपरवाल्यांचे पैसे वाचले असते." आईंना अप्रेझल घ्यायला बोलवायला हवं खरं तर.

गेल्या आठवड्यात एका नव्या कँपेनची मीटिंग होती. हेडलाइन मी स्वतः लिहिली होती, रात्री जागून. स्क्रीनवर लावली. दोघे-तिघे 'नाइस, नाइस' म्हणाले. ती कोपऱ्यात बसली होती. जरा चुळबुळली, कान लाल झाले आणि म्हणाली, "मॅम, जरा... शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखं वाटतंय."

माझा तो जुना किस्सा तिला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. खोलीत एकदम शांतता. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

लागलं. चांगलंच लागलं.

मग मी म्हटलं, "बरं झालं सांगितलंस," आणि हेडलाइन बदलायला घेतली.